मदत हवी आहे: या पिवळ्या फुलाचं शास्त्रीय नाव नक्की काय लिहू?

पानोपानी: घाईत आहे म्हणून थेट विचारते. बागेतल्या वाफ्यांना पाट्या लावतोय, संध्याकाळपर्यंत मजकूर रंगाऱ्याकडे द्यायचाय. बाकी सगळं झालं, हे एकच अडलंय. बियांच्या पाकिटावर 'क्रिसॅन्थेमम कोरोनेरियम', पुस्तकात 'ग्लेबिओनिस कोरोनेरिया', आणि शेजारच्या काकू म्हणतात, शेवंतीच ही. यातलं बरोबर कोणतं? लवकर सांगा.

मातीत_हात: फोटो कुठाय? पान कसं, फुलाचा मध्य कोणत्या रंगाचा, काहीच लिहिलं नाहीत.

बटवा: कॅलेंडुला आहे हे. डोळे झाकून 'कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस' लिहा. ते भूमध्य समुद्राकडचं. मी त्याच्या पाकळ्या तेलात मुरवून टाचांच्या भेगांना लावते, फार गुण येतो.

निंबोणी: बटवाताई, पिवळं दिसलं की कॅलेंडुला असं नसतं हो. कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट आणि हाताला चिकट लागणारं. बी वाकडं, कापलेल्या नखासारखं. आणि पाकिटावर नाव आहे ना!

बटवा: पाकिटांवरची नावं चुकतात, मी स्वतः फसलेय. तेल मात्र करून बघाच.

रोपवेडा: पाणी बेताचंच घाला. मुळाशी पाणी साचलं की रोप बसतं. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर बहर लांबतो.

पानोपानी: पाण्याचं कोण विचारतंय? नाव सांगा! पान बारीक कातरलेलं, गाजराच्या पानाच्या वळणावर जाणारं, चुरगळलं की उग्र वास. झाड कमरेएवढं. पाकळ्या आत पिवळ्या, टोकाकडे दुधी.

मातीत_हात: आता कसं! पण मध्य गडद जांभळट असेल आणि पाकळ्यांवर रंगाचं कडं असेल, तर ती मोरोक्कोची 'इस्मेलिया कॅरिनाटा'. फूल उलटं धरून मागचा हिरवा पेला बघा. तिच्या छदांना (पेल्यातल्या खवल्यांसारख्या पानांना) पाठीवर नावेच्या कण्यासारखी धार असते, नावही त्यावरूनच.

पानोपानी: पाहिलं. मध्य पिवळाच. धार नाही, छदांच्या कडेला पातळ, पांढरट पापुद्रा आहे.

मातीत_हात: मग ग्लेबिओनिस कोरोनेरिया. दुरंगी पाकळ्या या जातीत येतात. पाकिटावरचं नावही खोटं नाही, जुनं आहे. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने दिलेलं. पुढे क्रिसॅन्थेमम या प्रजातीची नमुना-जाती (म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जाती) हीच ठरली, म्हणून प्रजातीची फोड झाल्यावर ते नाव हिच्याकडे राहिलं आणि शेवंतीला 'डेंड्रॅन्थेमा' म्हणायची वेळ आली. फुलं पिकवणाऱ्यांना ते पटेना. शेवटी १९९९ च्या सेंट लुइसच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुना बदलण्यावर शिक्कामोर्तब झालं, शेवंतीला क्रिसॅन्थेमम परत मिळालं आणि ही ग्लेबिओनिसमध्ये गेली. आणि हो, 'कोरोनेरियम' तसंच ठेवू नका. लॅटिनमध्ये क्रिसॅन्थेमम नपुंसकलिंगी, ग्लेबिओनिस स्त्रीलिंगी. म्हणून शेपूट 'रिया' होतं.

निंबोणी: जुनं नावही खाली बारीक अक्षरात टाका. बियांच्या पाकिटांवर अजून तेच असतं, वाचणारा गोंधळतो.

मातीत_हात: नको. पाटीवर एकच नाव हवं, नाहीतर लोक दोन झाडं समजतात.

निंबोणी: कंसात लिहिलं तर कशाला समजतील?

सुगरणीचा_खोपा: हिचीच कोवळी पानं जपानमध्ये 'शुंगिकू' म्हणून भाजीला वापरतात ना? चीनमध्येही खातात. बी कुठे मिळेल?

पानोपानी: जुनं नाव कंसात टाकते. मातीत_हात, रागावू नका, काकूंसाठी ते हवंय. शेवंती का म्हणतात ते त्यातूनच कळेल. पण आता वेगळाच घोळ. शेवंतीच्या पाटीवर 'डेंड्रॅन्थेमा' रंगवून वाळूनसुद्धा झालंय. राहू दे का?

मातीत_हात: राहू देऊ नका. 'क्रिसॅन्थेमम मोरिफोलियम' करून घ्या.

निंबोणी: हे मात्र अगदी बरोबर.