चॅटवर चौकशी करणाऱ्यांची नोंद: लीड की युजर?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
नमस्कार. आम्ही गृहनिर्माण संस्थांच्या मेंटेनन्स बिलांचे सॉफ्टवेअर चालवतो. संकेतस्थळावर इंटरकॉम या ग्राहकसंवाद सेवेची चॅट आहे. तिच्यात लॉगिन न करता बोलणाऱ्याची नोंद ‘लीड’ म्हणून, तर लॉगिन केलेल्याची ‘युजर’ म्हणून होते. एखाद्या संस्थेचे सचिव लॉगिन न करता चौकशी करतात, ई-मेल देतात आणि पंधरा दिवसांनी नोंदणी करतात. ई-मेल हाती येताच त्यांची युजर म्हणून नोंद करावी, असे सहकाऱ्यांचे मत आहे. मला ती घाई वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (महापे)
तुमची शंका रास्त आहे. चॅटमध्ये टाइप केलेला ई-मेल त्याच माणसाचा आहे याची खातरजमा कोणीच केलेली नसते. युजरची ओळख मात्र लॉगिननंतर तुमची प्रणाली देते, त्यामुळे ई-मेल मिळाला का यापेक्षा ओळख कोणी पटवली, हे पाहावे. लीड ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकी या छोट्या नोंदीवर टिकते, म्हणून तेच सचिव मोबाइलवरून आणि कार्यालयातून बोलले तर एकाच ई-मेलच्या दोन लीड तयार होऊ शकतात. नोंदणीनंतर त्याच ब्राउझरमध्ये लॉगिन झाले, की लीड युजरमध्ये विलीन होते आणि जुना संवादही सोबत येतो. दुसऱ्या उपकरणावरची लीड तपासून एपीआयने, म्हणजे तुमच्या प्रणालीतून इंटरकॉमला आज्ञा देण्याच्या सोयीने, विलीन करावी.

उत्तर (ऐरोली)
वरील मताशी सहमत आहे. अनुभवातून एक भर घालतो. संस्थेच्या कार्यालयात संगणक एकच असतो. आमच्या एका ग्राहकाकडे खजिनदारांनी थकबाकीदारांविषयी चॅटवर विचारणा करून लॉगआउट केले, आणि नंतर बसलेल्या अध्यक्षांना तोच संवाद उघडा दिसला. चूक आमचीच होती: लॉगआउटच्या वेळी मेसेंजरचे (इंटरकॉमच्या चॅट खिडकीचे) शटडाउन, म्हणजे आधीच्या युजरचे सत्र पुसणारी आज्ञा, बोलावलेच नव्हते. शिवाय युजरच्या आयडीवरून सर्व्हरवर एचमॅक, म्हणजे गुप्त किल्लीने तयार होणारी सांकेतिक खूण, काढून ओळख पडताळणी चालू ठेवावी, आणि तिची गुप्त किल्ली ब्राउझरमध्ये कधीही जाऊ देऊ नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग युजरचा आयडी म्हणून ई-मेलच वापरावा का?

उत्तर (महापे)
नाही. व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि संस्थेचा ई-मेल नव्या सचिवांच्या हाती जातो. तोच आयडी असेल तर जुन्या सचिवांचे संवाद नव्यांच्या नावावर चढतील. तुमच्या डेटाबेसमधील व्यक्तीचा क्रमांक आयडी म्हणून द्यावा आणि संस्थेची नोंद इंटरकॉममध्ये ‘कंपनी’ या प्रकारात वेगळी ठेवावी.