सीव्हीआयसीयूतून (हार्टच्या आयसीयूतून) ट्रॅव्हल नर्सिंगला (एजन्सीच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टवर वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम) जावं का? दोन वर्षांचा अनुभव पुरतो का?

मिरजेची_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, बीएस्सी नर्सिंग तिकडेच, लग्नानंतर डॅलसला आले, एनक्लेक्स (इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा) दिली आणि आता इथल्या एका हॉस्पिटलात कार्डिओव्हॅस्क्युलर आयसीयूला नाईट करते, मार्चमध्ये दोन वर्षं होतील. ग्रीन कार्ड आहे त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. बायपासचे पेशंट थेट ओटीतून घेते, बलून पंप (हार्टला आधार देणारा) आणि सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस) चालवते, इम्पेला (हार्टमध्ये बसवायचा छोटा पंप) दोनतीनदाच मिळालं, एक्मो (हार्ट-फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं मशीन) मात्र शेजारच्या बेडवर लांबूनच बघितलंय. परवा एका रिक्रूटरने १३ आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टचा आकडा सांगितला, तो ऐकून नवऱ्याने लगेच एक्सेल उघडलं 😄 पण माझ्या पोटात गोळा. नवीन युनिट, ओळखीचं कुणी नाही आणि रात्री तीनला चेस्ट ट्यूब (छातीत साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) भराभर भरायला लागली तर? मुलगी सहा वर्षांची आहे, तेही आहेच. कुणी केलंय का?

रातपाळी_कायमची
ताई, मी चार वर्षं फिरतेय, सध्या नववं युनिट. दोन वर्षं कागदावर पुरतात, बहुतेक एजन्स्या एवढंच बघतात. पण ओरिएंटेशन म्हणजे एखाददुसरी शिफ्ट, त्यातली अर्धी चार्टिंगचे पासवर्ड मिळवण्यात जाते, आणि पुढच्या रात्री तू एकटी. हार्ट सगळीकडे सारखंच गं, आजूबाजूचं सगळं बदलतं. माझ्या पहिल्या हॉस्पिटलात लेव्होफेड (बीपी धरून ठेवणारं औषध) मायक्रोग्रॅम पर मिनिट चालायचं, तिथे दोनवर आलं की आम्ही बंदच करायचो. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला हँडओव्हरमध्ये "पॉइंट वन" ऐकलं, म्हटलं हे तर काहीच नाही, आणि सरळ बंद करायला हात पुढे केला. बाजूच्या सिस्टरने हात धरला. तिथे वजनाच्या पर किलो होतं, म्हणजे ८० किलोच्या माणसाला मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम! अजून आठवलं तरी घाम फुटतो. हेपॅरिनचंही (रक्त गोठू न देणारं औषध) तेच, कुठे पीटीटी या रक्तचाचणीवर ॲडजस्ट करतात कुठे अँटी-टेन-ए या दुसऱ्या चाचणीवर, त्यामुळे पंपाला हात लावायच्या आधी त्यांचा प्रोटोकॉल वाचायचा, लाजायचं नाही.

आणि ट्यूब भरली तर दिसतं तरी, सर्जनला फोन जातो. मला भीती वाटते ती अचानक कोरडी पडते तेव्हा. तासाला दीडशे एमएल येत होतं, एकदम थांबलं, सीव्हीपी (हार्टजवळच्या मोठ्या शिरेतलं प्रेशर) चढतोय, बीपी पडतंय, आणि बाहेरून सगळं शांत. टॅम्पोनाड, म्हणजे हार्टभोवती रक्त साचून ते दाबलं जातंय. म्हणून पहिल्याच रात्री दोन गोष्टी विचारायच्या: ओपन हार्टनंतर अरेस्ट झाला तर तुम्ही काल्स प्रोटोकॉल (हार्ट सर्जरीच्या पेशंटसाठीचा खास) करता की साधं एसीएलएस (सगळ्यांसाठीचा नेहमीचा), आणि छाती उघडायची कार्ट कुठे आहे. काल्समध्ये मिनिटभरात शॉक किंवा पेसिंग होणार असेल तर आधी ते, मग छातीवर कॉम्प्रेशन, एपिनेफ्रिनचा (ॲड्रेनलिन) पूर्ण एक मिलिग्रॅम द्यायचा नाही आणि तेवढ्याने जमलं नाही तर पाच मिनिटांत छाती उघडायची. एकाने हे आणि दुसऱ्याने ते केलं तर गोंधळ होतो.

अजून एक, बऱ्याच ठिकाणी ट्रॅव्हलरला फ्रेश हार्ट (नुकतीच हार्ट सर्जरी झालेला पेशंट) देतच नाहीत, सोपे पेशंट देतात आणि फ्लोटला (दुसऱ्या युनिटला पाठवायला) पहिला नंबर आपलाच. तीन महिने मेडिकल आयसीयूत काढले की हात बसतो तो सुटतो. इंटरव्ह्यूत हे विचारच. सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सिंगची सर्टिफिकेशन परीक्षा) झाली नसेल तर निघण्याआधी दे, दोन वर्षांत १७५० तास लागतात ते तुझे भरलेच असतील.

हिशेबी_नाना
मी नर्स नाही, माझी बायको नर्स आहे, तिचे टॅक्स मी करतो. नवऱ्याला सांगा एक्सेलमध्ये अजून एक कॉलम घाला. तो मोठा आकडा दिसतो त्यात राहण्या-खाण्याचा भत्ता असतो, आणि तुमचं टॅक्स होम खरं असेल, म्हणजे डॅलसच्या घराचा खर्च चालू ठेवून तुम्ही दुसरीकडेही खर्च करत असाल, तरच तो टॅक्स फ्री. डॅलसमध्येच कॉन्ट्रॅक्ट घेऊन रोज घरी झोपायला आलात तर नाही. "पन्नास मैल लांब असलं की झालं" असं रिक्रूटर बिनधास्त सांगतात, आयआरएसचा (इथल्या टॅक्स खात्याचा) असा नियम नाही. एकाच जागी वर्षाच्या वर राहायचं ठरलं तरी सवलत जाते. शिवाय तासाचा टॅक्सेबल दर मुद्दाम कमी दाखवतात, मग घराचं लोन काढताना बँक तोंड वाकडं करते.
लायसन्सचं म्हणाल तर टेक्सास कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात) आहे, तुमचं लायसन्स मल्टिस्टेट असेल तर चाळीसच्या वर राज्यं मोकळी. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत, त्यांचं वेगळं काढावं लागतं.

जर्सीची_काकू
मी जरा पाणी ओतते हं. माझा मुलगा सात वर्षांचा असताना मी ट्रॅव्हलला गेले होते, दुसऱ्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल! हार्ट सर्जन सोडून गेला, सर्जऱ्या घटल्या, आधी आम्हालाच काढलं. अपार्टमेंटचं डिपॉझिट बुडलं ते वेगळं. घर महिन्याच्या बोलीवरच घे, आणि गॅरंटीड तास व कॅन्सलेशनचं कलम लिहून माग, रिक्रूटरच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. मी परत येऊन आमच्याच हॉस्पिटल ग्रुपच्या फ्लोट पूलला (गरज पडेल त्या युनिटला पाठवतात त्या नर्सेसमध्ये) लागले, दर ट्रॅव्हलइतका नाही पण रात्री नाही तर सकाळी तरी घरी असते.

आयसीसीयू_पुणे
मध्येच विचारते, सॉरी. पुण्यात कॅथलॅब आणि आयसीसीयू मिळून पाच वर्षं झाली, इथून थेट ट्रॅव्हलर म्हणून येता येतं का?

रातपाळी_कायमची
@आयसीसीयू_पुणे थेट नाही गं. साधारण रस्ता ईबी-३ चा (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा), त्यात स्टाफ म्हणून दोनतीन वर्षांचं बंधन येतं आणि भारताची रांग दहा वर्षांच्या वर आहे. एनक्लेक्स देऊन ठेव पण त्याच्या भरवशावर पुण्याची नोकरी सोडू नकोस.

मिरजेची_सिस्टर
बापरे, पर किलोचं वाचून मी आज आमच्या पंपावर काय लिहिलंय ते मुद्दाम बघितलं 🙈 नाना, नवऱ्याला तुमचं वाचून दाखवलं, आकडा बराच खाली आला. रिक्रूटरला विचारलं ट्रॅव्हलरला फ्रेश हार्ट देतात का, तर म्हणे "युनिटवर अवलंबून आहे". आता मॅनेजरशीच बोलायचं आहे गुरुवारी. आणि आमच्या चार्ज नर्सला सांगितलंय, एक्मोचा क्लास जूनमध्ये आहे त्यात माझं नाव घाल. म्हणजे मार्च तर नाहीच.

जर्सीची_काकू
जून कर. उन्हाळ्यात मुलीला सुट्टी असते, आजी-आजोबा मिरजेहून येऊ शकतात का बघ.