मदत हवी आहे: कूलंट आणि ईव्ही गिअर ऑइलचं प्रशिक्षण, मुलांना सुरुवात कुठून करून द्यावी?

मिरजोळे_शॉप
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे. तीन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशिन). ॲल्युमिनियमची मोटर हाउसिंग आणि बिडाच्या पंप बॉडी असं काम. शेजारच्या गाळ्यात इलेक्ट्रिक तीनचाकींचं सर्व्हिसिंग चालतं. मुलं आयटीआयची आहेत, हात चांगला आहे, पण तेलाबद्दल कुणी काही शिकवलेलं नाही.

व्हीएमसीची टाकी २५० लिटरची, कूलंट (कापताना गार ठेवणारं, पाण्यात मिसळायचं द्रव) सेमी-सिंथेटिक, म्हणजे थोडं खनिज तेल असलेलं. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचा घट्टपणा बघायचं उपकरण) २.५, पीएच पट्टीवर ८ च्या आसपास. सोमवारी सकाळी कुजक्या अंड्याचा वास येतो. बिडावर लगेच तांबूस गंज, ॲल्युमिनियमवर काळपट डाग. पाणी विहिरीचं, एप्रिल-मेमध्ये बोअरचं. एकाने सोडियम नायट्राइट आणि थोडं ब्लीचिंग टाकायला सांगितलंय. टाकू का? आणि मुलांना कोणता कोर्स द्यावा? ईव्हीच्या गिअरबॉक्सलाही वेगळं शिकावं लागतं का?

लोटे_लॅब
दोन्ही टाकू नका, हे सगळ्यात आधी. बऱ्याच कूलंटमध्ये अमाइन असतात. त्यातलं डायइथेनॉलअमाइन नायट्राइटशी मिळालं की नायट्रोसअमाइन तयार होतं, आणि ते कर्करोगकारक आहे. ब्लीचिंगने वास दोन दिवस जाईल, पण क्लोराइड वाढून गंज दुप्पट होईल.

आता तो २.५ चा आकडा. रिफ्रॅक्टोमीटर ब्रिक्स (साखरेच्या पाण्यावरून ठरवलेलं माप) दाखवतो, कूलंटचे टक्के नाही. कूलंटच्या डेटाशीटवर फॅक्टर दिलेला असतो, त्याने गुणायचं. फॅक्टर १.४ असेल तर तुमच्या टाकीत ३.५ टक्के आहे. बिडाच्या कामाला, तेही पावसाळी हवेत, हे फारच पातळ. ७ ते ८ ठेवा. मुलांचा पहिला धडा हाच असू दे: काच डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणायची, तवंग बाजूला सारून खालचं कूलंट घ्यायचं, आकडा गुणायचा, वहीत तारखेसह लिहायचा. रेघ धूसर दिसली तर स्लाइडवेचं (मशिनच्या सरकपट्ट्यांचं) तेल मिसळलंय. अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, मग टायट्रेशन किट (थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं) वापरायचं.

वासाचं कारण सरळ आहे. सुटीत पंप बंद, वर तेलाचा थर, खाली हवा पोचत नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. जिवाणू आम्लंही तयार करतात, त्यामुळे पीएच उतरतो. ताजं कूलंट साधारण ९ ते ९.३ दाखवतं, ८.५ च्या खाली गेलं की धोका. ८ ला पोचलेल्या आणि वास मारणाऱ्या टाकीत नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

टाकी बदला. जुन्याच कूलंटमध्ये सिस्टिम क्लीनर टाका (बहुतेक ठिकाणी १ ते २ टक्के, पण डब्यावरचं प्रमाण पाळा) आणि एक पाळी फिरवा. मग उपसा. चिप कन्व्हेयरच्या खालचा आणि कोपऱ्यातला गाळ खरवडून काढा. इथेच घाई होते: मूठभर गाळ राहिला तर तो नव्या कूलंटला विरजण लावतो. नंतर १ टक्का ताज्या कूलंटने खळबळून तेही काढून टाका. भरताना ७ टक्क्यांसाठी २३२.५ लिटर पाणी आणि १७.५ लिटर कॉन्सन्ट्रेट. आधी पाणी, मग ढवळत ढवळत कॉन्सन्ट्रेट. उलट केलं तर जेलीसारख्या गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा फुटत नाहीत.

टॉप-अप साध्या पाण्याने नको, २ ते ३ टक्क्यांच्या मिश्रणाने करा. तवंगासाठी बेल्ट स्किमर बसवा. सुटीच्या दिवशीही टायमरवर पंप थोडा वेळ फिरू दे.

डागांचं म्हणाल तर ओले ॲल्युमिनियमचे पार्ट लोखंडी ट्रेमध्ये ठेवता का? दोन धातू आणि मध्ये ओलावा असला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. प्लास्टिकचे क्रेट घ्या. बिडाचे पार्ट ओलेच एकावर एक रचू नका. हवा मारून लगेच पाणी हटवणाऱ्या रस्ट प्रिव्हेंटिव्हमध्ये (गंजरोधक तेलात) बुडवा.

खेर्डी_ईव्ही
ईव्हीचं मी सांगतो. मुलांना पहिला प्रश्न विचारायला शिकवा: मोटर कोरडी आहे की तेलातली? तीनचाकींत बहुधा मोटर वेगळी आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियल वेगळं असतं. तिथे मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल चालतं. पण ज्या गाड्यांत तेच तेल मोटरच्या वाइंडिंगवरून फिरतं, तिथे नेहमीचं जीएल-५ (जड दाबाच्या गिअरचं तेल) घालू नका. त्यातले गंधक-फॉस्फरसचे ॲडिटिव्ह गरम झाल्यावर तांब्याला खातात. ईव्हीचं तेल निवडताना तांब्याचा गंज, विद्युतवाहकता, फेस आणि वाइंडिंगच्या इनॅमलशी व सीलशी जुळणं हे सगळं बघतात, नुसती व्हिस्कॉसिटी नाही.

आपल्याकडे नेहमी येणारी तक्रार म्हणजे दुधाळ तेल. गाडी चालून गिअरबॉक्स तापलेला, समोर साचलेलं पाणी. केसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नुसतं तेल बदलून भागत नाही. ब्रीदर साफ करा किंवा बदला, सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) बघा, ताजं तेल घालून थोडं चालवा आणि तेही काढा, मग शेवटचं भरा.

दुसरं बेरिंग. इन्व्हर्टरच्या (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणाऱ्या भागाच्या) स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज येतं आणि ते बेरिंगमधून वाट काढतं. रेसवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा आणि काळं पडलेलं ग्रीस दिसलं की कारण वीज आहे, ग्रीसची कमतरता नाही. तिथे शाफ्ट ग्राउंडिंग रिंग किंवा सिरॅमिक गोळ्यांचं बेरिंग हा उपाय. सीलबंद बेरिंगला ग्रीस मारायचं नसतं. उघड्याला मारायचं तर ग्रॅम = ०.००५ × बाहेरचा व्यास × रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२०६ ला ६२ × १६, म्हणजे ५ ग्रॅम पुरे. पॉलियुरिया आणि लिथियम ग्रीस एकत्र करू नका, पातळ होऊन वाहतं. आणि काही उघडण्याआधी बॅटरी तोडायची, कपॅसिटर उतरू द्यायचे, मीटर लावून खात्री करायची. ६० व्होल्ट डीसीच्या वर धोकादायक धरतात, पण ४८ व्होल्टच्या गाडीतही पाना आडवा पडला तर भाजतं.

कुडाळ_टर्नर
लोटे_लॅब, कूलंटचा विषय निघालाच आहे म्हणून पर्यावरणाच्या बाजूने विचारतो. आपल्याकडे करंज, उंडी भरपूर. त्याचं तेल कटिंगला चालेल का?

लोटे_लॅब
वंगण म्हणून गुण चांगला आहे, पण कच्चं तेल नको. त्यातल्या दुहेरी बंधांमुळे ते हवेत ऑक्सिडाइझ होऊन चिकट राळ बनतं आणि स्लाइडवर बसतं. बाजारातलं वनस्पतीजन्य एस्टर तेल प्रक्रिया केलेलं असतं. ते घेऊन एमक्यूएल लावता येतं, म्हणजे तासाला ५० मिलिलिटरच्या आत तेल आणि हवेचा फवारा. ॲल्युमिनियमच्या मिलिंगला उत्तम. खोल ड्रिलिंगला चिप्स धुऊन निघत नाहीत, तिथे कूलंटच बरं. आणि माझं मत विचाराल तर जे कूलंट टाकावं लागत नाही तेच सगळ्यात हिरवं.

टाकायची वेळ आलीच तर वहाळात सोडू नका. सांडपाणी नदीनाल्यात सोडायची मर्यादा तेल-ग्रीससाठी लिटरला १० मिलिग्रॅम आणि सीओडीसाठी (घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) २५० आहे. वापरलेलं कूलंट त्याच्या कैक पट असतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते ९० दिवसांच्या आत अधिकृत संस्थेकडे, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (माल पाठवल्याच्या नोंदपत्रासह) द्यायचं. ही नोंद ठेवायलाही एका मुलाला शिकवा.

कोर्सचं: धातुकामाच्या द्रवांसाठी एसटीएलई या अमेरिकेतल्या वंगण-तज्ज्ञांच्या संस्थेची सीएमएफएस परीक्षा आहे. ती इंग्रजीत आणि अनुभवी माणसासाठी, ऑपरेटरसाठी नाही. सर्वसाधारण वंगणासाठी आयसीएमएल या आंतरराष्ट्रीय परीक्षा संस्थेची एमएलटी (मशिन वंगण तंत्रज्ञ) पातळी १: १०० प्रश्न, ३ तास, ७० टक्क्यांना पास. सुपरवायझरला ती द्या. ईव्हीकडच्या नव्या मुलासाठी आयटीआयचा मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल ट्रेड आहे, पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्थाही प्रशिक्षण देते. पण सहा महिने वही नीट भरल्याशिवाय कुणाला परीक्षेला बसवू नका, पुस्तकातला आकडा टाकीत ओळखता येत नाही.

मिरजोळे_शॉप
फार उपयोग झाला. पाणी तपासलं. विहीर: कठीणपणा ३० पीपीएम, क्लोराइड १५. बोअर: कठीणपणा ४२०, क्लोराइड १८०. कोणतं घेऊ?

लोटे_लॅब
बोअर नको. क्लोराइड १०० च्या वर गेलं की गंज थांबवणं अवघड, शिवाय पाणी उडत जाईल तसं ते टाकीत साठत राहतं. ४२० कठीणपणाने इमल्शनही (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) फाटतं, वर साबणासारखी साय येते. विहिरीचंच घ्या. जांभ्यातलं पाणी मऊ असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात फेस येईल. दाब कमी करून आणि टाकीतली पातळी उतरून पंप हवा ओढत नाही ना हे बघूनही फेस राहिला, तर पुरवठादाराला विचारून कॅल्शियम ॲसिटेट घाला. कोरडं असेल तर २५० लिटरला ४० ग्रॅमने कठीणपणा साधारण १०० पीपीएम वाढतो. आधी १० ग्रॅम बादलीभर कूलंटमध्ये विरघळवून टाका, तासभर फिरवा, बघा, मग पुढचे १०. एप्रिलसाठी विहिरीचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून ठेवा, आणि दर भरण्याआधी क्लोराइडची पट्टी बुडवायचं काम ज्याच्याकडे वही आहे त्याच मुलाकडे द्या.