शाहबाज भट्टी आठवतात का?
वर कोणीतरी लिहिलंय की श्रद्धेपायी मरण पत्करणं ही रोमन काळातली गोष्ट, आणि तशीही ती जगाला कंटाळलेल्यांची. दोन्ही अजिबात पटलं नाही. पाकिस्तानचे तेव्हाचे अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी घ्या, कॅथलिक माणूस, इस्लामाबादेत 2 मार्च 2011ला भर दिवसा गाडीवर गोळ्या घालून मारलं त्यांना. ईशनिंदेच्या आरोपात फाशीची शिक्षा सुनावलेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती बाईची बाजू उघडपणे घेत होते, दोनच महिन्यांपूर्वी त्याच कारणावरून पाकिस्तानातल्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांचा खून झाला होता तरी हे गप्प बसले नाहीत.

आणि कंटाळलेले कुठे, उलट हा माणूस कामात बुडालेला, सरकारी नोकऱ्यांत अल्पसंख्याकांना 5 टक्के कोटा त्यांच्याच काळात मिळाला. मरणाच्या काही महिने आधी त्यांनी व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवला, मला मारलं तरच दाखवा म्हणून. त्यात शांतपणे सांगतात की क्रूसाचा अर्थ मला माहीत आहे, मी त्याच्याच मागे चाललोय, माझ्या लोकांसाठी जगतोय आणि त्यांच्या हक्कांसाठी मरेन. तो नक्की बघा, आवाज कुठेही चढत नाही. आसिया बीबी 2018मध्ये सुप्रीम कोर्टातून निर्दोष सुटली, ते बघायला भट्टी हवे होते.