मदत हवी आहे : मोठ्या आतड्याच्या संवेदी चेतापेशींपर्यंत एएव्ही (जनुक वाहून नेणारा विषाणू) कसा पोचवायचा?

नमस्कार मंडळी,

आतडं ताणलं की होणाऱ्या वेदनेवर उंदरात काम करतेय. फक्त मोठ्या आतड्याच्या संवेदी पेशी शांत करायच्या आणि आतड्यात फुगा फुगवल्यावर पोटाच्या स्नायूंचा प्रतिसाद घटतो का, ते बघायचं. अडचण अशी की या पेशी छाती-कमरेच्या सीमेवरच्या आणि एल६-एस१ (कमरेच्या तळाच्या) डॉर्सल रूट गँगलियात, म्हणजे मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या गाठींत, विखुरलेल्या आहेत, तिथेही मोजक्याच. बाकी गर्दी त्वचेच्या नि स्नायूंच्या संवेदी पेशींची. एएव्ही९ (एएव्हीचा एक प्रकार) नुसता इंट्राथिकल, म्हणजे मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात, दिला, तर ही गर्दीही सोबत येते.

म्हणून दोन व्हायरस घेतलेत. आतड्याच्या भिंतीत क्रे (दुसरं जनुक चालू करणारं एन्झाइम) असलेला रेट्रोग्रेड एएव्ही, जो चेतातंतूच्या टोकातून उलटा पेशीपर्यंत जातो, आणि इंट्राथिकल मार्गाने क्रेवर अवलंबून असलेला एचएम४डीआय (क्लोझापिन-एन-ऑक्साइड हे औषध दिलं की पेशी शांत करणारा रिसेप्टर). पण क्रेसोबतचा लाल रंग भिंतीतल्या मायएंटेरिक जाळ्यातही (आतड्याची हालचाल चालवणाऱ्या, म्हणजे एंटेरिक, चेतापेशींच्या जाळ्यातही) लख्ख दिसतोय! इंट्राथिकल डोस थोडाफार रक्तात उतरतोच. तो तिथे पोचला तर आतड्याची हालचालच बदलेल, आणि वेदना कमी झाली की भिंत सैल पडली, हे सांगताच येणार नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

एंटेरिक पेशी वगळायला कुणी वेगळा प्रमोटर (जनुक कोणत्या पेशीत चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) वापरलाय का? मात्र एएव्हीत जेमतेम ४.७ किलोबेस (४,७०० अक्षरी) डीएनए मावतो, हे लक्षात घ्या. सीरोसाखाली (आतड्याच्या बाहेरच्या आवरणाखाली) टोचताना थेंब बाहेर ओघळून मूत्राशयाकडे जाऊ नये म्हणून काय करता? सुई की काचेची पिपेट? आणि क्लोझापिन-एन-ऑक्साइड एकट्याचा कंट्रोल गट कसा ठेवता?

प्रत्यक्ष हात लावलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.