आइसलँड: ब्लू लगून परवडत नसेल तर
ब्लू लगून या गरम पाण्याच्या प्रसिद्ध स्पाचं तिकीट महाग म्हणून गरम पाण्यात डुंबणं राहणार असं वाटत असेल तर अजिबात नाराज होऊ नका, राजधानी रेक्याविकमधले म्युनिसिपालिटीचे पूल कितीतरी स्वस्त आहेत आणि माझ्या मते जास्त छान. लौगारदाल्सलौग सगळ्यात मोठा, सुंदहोल्लिन तर १९३७ पासूनचा. खरी मजा हॉट पॉटमध्ये, साधारण ३८ ते ४४ डिग्रीची वेगवेगळी कुंडं असतात, बर्फ पडत असला तरी उघड्यावरच बसायचं, शेजारी तिथलीच मंडळी निवांत गप्पा मारत असतात. फक्त आधी सगळे कपडे काढून साबण लावून अंघोळ कंपल्सरी आहे, स्विमसूट त्यानंतर (बायका-पुरुषांची अंघोळीची जागा वेगळी असते). आपल्याला अवघड जातं खरं, पण पाण्यात क्लोरीन कमी टाकतात म्हणूनच हा नियम आहे, तेव्हा प्लीज पाळाच.