वार्षिक अहवालाची फाईल आणि जुन्या फॉन्टचा हट्ट

संस्था-सचिव, यावल :
आमच्या विकास संस्थेचा, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, वार्षिक अहवाल दरवर्षी बाहेरच्या छापखान्यात तयार होतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून वेळ वाचावा या हेतूने यंदा मी गेल्या वर्षीची फाईल मागून घेतली. ती संस्थेच्या संगणकावर उघडली, तर ४० पानांत एकही मराठी शब्द नव्हता. रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे आणि कंस यांची नुसती खिचडी होती. कारण एवढेच की, छापखान्यातला फॉन्ट आमच्याकडे नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक ‘क’ साठवतच नाही. तो एखादे रोमन चिन्ह साठवतो आणि फॉन्ट त्यावर ‘क’चे सोंग चढवतो. युनिकोड या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत मात्र ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे आणि तो यावलच्या संगणकावर, मुंबईच्या कचेरीत, सभासदाच्या मोबाईलवर तोच राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यातही देवनागरी होती. एवढ्या वर्षांनंतरही आम्ही तोच मजकूर पुन्हा टंकित करून घ्यावा, हे मला पटत नाही. सभासदांच्या पैशातून होणारे कोणतेही काम जुन्या फॉन्टमध्ये स्वीकारू नये आणि छापखान्याला तशी लेखी अट घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुद्रक, धुळे :
सचिवसाहेब, अट घालणे सोपे आहे, कारण तिचा खर्च तुमच्या खिशातून जात नाही. माझा हात रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळफलकाच्या, मांडणीवर बसलेला आहे आणि माझी जुनी कामे पेजमेकर या पाने लावण्याच्या प्रणालीत आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. तिच्यात युनिकोड मराठी नीट उमटतच नाही. नवी प्रणाली घ्यायची तर दरमहा भाडे भरावे लागते, आणि अहवालाचा दर मात्र तुम्ही गेल्या वर्षीचाच देता. लग्नपत्रिकेवर शोभेल असे वळणदार अक्षर माझ्या जुन्या संचात जितके आहे, तितके मला युनिकोडमध्ये अजून मिळालेले नाही.

राहिला तुमचा मजकूर. तो माझ्याकडे सभेच्या नोटिशीला दोन दिवस उरले असताना व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तोही वहीच्या पानाचा तिरपा काढलेला फोटो. गेल्या वर्षी एका संस्थेने मोबाईलवर टंकित करून, म्हणजे तुमच्या लाडक्या युनिकोडमध्येच, मजकूर पाठवला होता. त्यात शब्दसूचनेने ‘खावटी कर्ज’चे (घरखर्चासाठीच्या कर्जाचे) ‘खोटी कर्ज’ केले होते. मी लक्ष घातले नसते, तर ते तसेच छापून सभेत वाटले गेले असते.

शिक्षिका, अमळनेर :
भाऊ, रेमिंग्टनचा मुद्दा मला मान्य नाही. कळफलकाची मांडणी वेगळी आणि साठवण वेगळी. रेमिंग्टनच्याच मांडणीने युनिकोडमध्ये लिहिता येते आणि हाताची सवय मोडावी लागत नाही.

पण सचिवसाहेबांना वाटते तितके हे स्थित्यंतर सरळही नाही. आमच्या शाळेच्या जुन्या स्मरणिकेत गावातल्या बायांकडून ऐकून घेतलेल्या अहिराणी ओव्या होत्या. फाईल जुन्या फॉन्टमधली, म्हणून मी ती परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या प्रणालीतून, काढली, तर पहिल्याच पानावर ‘वार्षिक’चे ‘वाषिर्क’ झाले. जुन्या पद्धतीत डोळ्याला दिसते त्या क्रमाने चिन्हे साठवतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हे नेमके उलट असते, आणि परिवर्तक याच जागांवर अडखळतो. प्रमाण मराठीत चूक लगेच ओळखू येते. कर्जदाराचा ‘कजर्दार’ झाला तरी कोणी फसत नाही. ओव्यांचे तसे नाही. एकेका शब्दाची तीन-तीन रूपे बोलण्यात असतात, मूळ कागद वाळवीने खाल्लेले आणि म्हणणाऱ्या बहुतेक बाया आता नाहीत. अकरा ओव्यांपुढे मी अजून प्रश्नचिन्हच ठेवले आहे. म्हणून नवे सर्व युनिकोडमध्येच करावे, याला माझा पाठिंबा आहे. मात्र जुने बदलून घेताना शेजारी बसून वाचणारा माणूस लागतो, आणि त्याचा मेहनताना कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

संस्था-सचिव, यावल :
ताई, ‘वाषिर्क’ वाचून हसू आले, कारण आमच्या जिल्ह्यातल्या दोन-तीन अहवालांच्या मुखपृष्ठांवर मी तो पाहिला आहे आणि आजवर तो टंकलेखकाचा निष्काळजीपणा समजत होतो.

मुद्रकभाऊंची तक्रार मात्र अर्धीच पटते. तिरप्या फोटोचा दोष आमचा आहे, तो कबूल. पण मूळ फाईलऐवजी पीडीएफ दिली म्हणजे काम भागले, हा छापखान्यांचा समज चुकीचा आहे. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये मी ‘थकबाकी’ हा शब्द शोधला, तर डोळ्यांसमोर चार ठिकाणी दिसत असतानाही संगणकाने तो नाही असे सांगितले. लेखापरीक्षकाने तीन वर्षांपूर्वीचा ठराव मागितला की आम्हाला पाने उलटत बसावे लागते.

मुद्रक, धुळे :
थकबाकी संगणकाला सापडली नाही, यावर काही सभासद खूश होतील. असो. माझ्याकडून एवढे होईल: मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये टंकित करून, तपासून, सभेच्या महिनाभर आधी द्यावा, आतली पाने मी नव्या प्रणालीत लावीन आणि छपाईनंतर मूळ फाईल तुमच्या पेनड्राइव्हवर देईन. मुखपृष्ठावरचे संस्थेचे नाव मात्र माझ्या जुन्याच फॉन्टमध्ये राहील, आणि दर पानामागे पाच रुपयांनी वाढेल.

संस्था-सचिव, यावल :
पाच रुपयांचा विषय संचालक मंडळापुढे ठेवतो. महिनाभर आधी मजकूर देणे मला त्याहून अवघड वाटते.